टॅबला दिलेला रंग दिसत का नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पायथनच्या टीकिंटरमधल्या (विंडो, बटणं, टॅब असलेले प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनातल्या) टॅबविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. टीटीके हा त्यातलाच स्टाइल बदलता येणाऱ्या घटकांचा भाग, आणि ‘नोटबुक’ म्हणजे त्यातला टॅबवाला घटक. शेवटचा प्रश्न क्यूटीचा, म्हणजे अशाच कामाच्या दुसऱ्या साधनाचा आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळून. ‘टीनोटबुक.टॅब’ या नावात सुरुवातीचा टी, नोटबुकचा एन आणि टॅबचा टी अशी तीन अक्षरं कॅपिटल असतात. यात चूक झाली तर टीटीके एरर देत नाही. तुमची सेटिंग भलत्याच नावाखाली साठवली जाते आणि पडद्यावर काहीच बदलत नाही. म्हणून काही लागू होत नसेल तर सगळ्यात आधी स्पेलिंग बघा.

प्रश्न : विंडोज ११ वर टीटीकेच्या नोटबुकमधल्या टॅबना हिरवा रंग द्यायचा आहे. फॉन्ट बदलतो, पॅडिंग (नावाभोवतीची मोकळी जागा) बदलतं, पण बॅकग्राउंड काही केल्या बदलत नाही. एररही येत नाही. कुठे चुकतंय? (नाशिक)

तुमचा कोड बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. विंडोजवर टीकिंटर आपोआप ‘व्हिस्टा’ थीम घेतं. या थीममध्ये टॅबचा आकार, कडा आणि आतला रंग टीकिंटर स्वतः काढत नाही, ते काम विंडोजकडे सोपवलेलं असतं. विंडोज आपल्याच ठरलेल्या पद्धतीने टॅब रंगवतं आणि तुमच्या बॅकग्राउंडची दखलही घेत नाही. अक्षरं मात्र टीकिंटर लिहितं, म्हणून फॉन्ट लागू होतो. मॅकवरच्या ‘अ‍ॅक्वा’ थीमचीही हीच गत आहे.

उपाय म्हणजे टीकिंटर स्वतः रंगवतं अशी थीम घेणं : ‘क्लॅम’, ‘ऑल्ट’ किंवा ‘डिफॉल्ट’. या तिन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्स सगळीकडे असतात.

स्टाइल = टीटीके.स्टाइल()
स्टाइल.थीम_यूज('क्लॅम')

ही ओळ बाकी सगळ्या सेटिंगच्या आधी हवी. कॉन्फिगरने (गुणधर्माला एक ठरावीक किंमत देणाऱ्या सूचनेने) दिलेल्या सेटिंग त्या वेळी चालू असलेल्या थीमच्या खात्यात जमा होतात. आधी रंग दिला आणि मग थीम बदलली, तर तो रंग जुन्या थीमकडेच राहतो.

आता क्लॅमची एक खोड समजून घ्या, कारण थीम बदलल्यावरही बहुतेक जण इथे अडकतात. क्लॅम लावून तुम्ही ‘टीनोटबुक.टॅब’ला कॉन्फिगरने हिरवा बॅकग्राउंड दिला, तरी टॅब करडेच दिसतील. कारण ‘मॅप’मध्ये, म्हणजे टॅबच्या स्थितीनुसार किंमत ठरवणाऱ्या यादीत आहे. ते बघायचं असेल तर ही ओळ चालवा :

प्रिंट(स्टाइल.मॅप('टीनोटबुक.टॅब', 'बॅकग्राउंड'))

यादीत दोन नोंदी दिसतात. पहिली ‘सिलेक्टेड’ स्थितीसाठीचा फिकट करडा रंग सांगते. दुसरीला कुठलीच स्थिती जोडलेली नसते, म्हणजे ती उरलेल्या सगळ्या टॅबना लागू होते. तिच्यात गडद करडा असतो. नियम असा की आधी मॅप बघितला जातो, आणि तिथे काही जुळलं नाही तरच कॉन्फिगरची किंमत घेतली जाते. क्लॅमच्या मॅपमध्ये प्रत्येक टॅबसाठी काही ना काही जुळतंच, त्यामुळे तुमच्या कॉन्फिगरपर्यंत पाळीच येत नाही. ऑल्ट आणि डिफॉल्ट या थीममध्ये ही दुसरी नोंद नाही. तिथे नुसतं कॉन्फिगर पुरतं. एकच कोड एकाकडे चालतो आणि दुसऱ्याकडे चालत नाही, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

तेव्हा रंग मॅपनेच द्या :

स्टाइल.मॅप('टीनोटबुक.टॅब', बॅकग्राउंड=[('सिलेक्टेड', 'व्हाइट'), ('अ‍ॅक्टिव्ह', 'लाइटग्रीन'), ('!सिलेक्टेड', 'ग्रीन')])

तुमचा मॅप त्या गुणधर्माचा जुना मॅप पूर्ण पुसून नवा बसवतो. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी नोंद जिंकते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे माउस टॅबवर असणं. ती नोंद ‘सिलेक्टेड’च्या वर ठेवलीत, तर उघडलेल्या टॅबवर माउस गेला की त्याचाही रंग बदलेल. उद्गारचिन्ह म्हणजे ‘ही स्थिती नसताना’. याच पद्धतीने ‘फोरग्राउंड’ही (अक्षरांचा रंग) द्या, नाहीतर गडद हिरव्यावर काळी अक्षरं वाचता येणार नाहीत.

पॅडिंगचंही असंच आहे. क्लॅममध्ये साध्या टॅबचं पॅडिंग डावीकडे ६, वर २, उजवीकडे ६, खाली २ पिक्सेल असतं. निवडलेल्या टॅबसाठी मॅपमध्ये ६, ४, ६, २ अशी वेगळी नोंद आहे. तुम्ही कॉन्फिगरने [१६, ८] दिलंत की बाकीचे टॅब ऐसपैस होतात आणि ज्यावर क्लिक कराल तोच टॅब आक्रसतो. हे दिसलं की बग समजून कोड उलथापालथ करू नका. मॅपमध्येही पॅडिंग द्या : पॅडिंग=[('सिलेक्टेड', [१६, १०, १६, ८])]. वरचे दोन पिक्सेल जास्त ठेवले की निवडलेला टॅब किंचित उठून दिसतो.

कुठल्या स्थितीत खरोखर कोणती किंमत लागू आहे, हे स्टाइल.लुकअप('टीनोटबुक.टॅब', 'पॅडिंग', ['सिलेक्टेड']) सांगतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे छापून बघणं केव्हाही चांगलं.

प्रश्न : गडद थीम केली. टॅब काळे झाले, पण नोटबुकच्या भोवती पांढरट रेघ राहते आणि टॅबच्या आतलं पानही करडंच दिसतं. (पणजी)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती रेघ क्लॅमच्या कडेची आहे. क्लॅम कडा तीन रंगांनी काढतं : ‘बॉर्डरकलर’, ‘लाइटकलर’ आणि ‘डार्ककलर’. तिन्ही ‘टीनोटबुक’ला कॉन्फिगरने द्या. ‘टीनोटबुक.टॅब’ला बॉर्डरकलर कॉन्फिगरने द्या, पण लाइटकलर मॅपने, कारण क्लॅमने तोही मॅपमध्ये ठेवला आहे. टॅबच्या ओळीत उजवीकडे उरलेल्या रिकाम्या पट्टीचा रंग ‘टीनोटबुक’च्या बॅकग्राउंडवरून येतो.

आतलं पान ही स्वतंत्र फ्रेम आहे, तिचा नोटबुकच्या स्टाइलशी संबंध नाही. ती टीटीकेची असेल तर ‘टीफ्रेम’ला रंग द्या. तिला थेट बीजी= लिहिलंत तर ‘अननोन ऑप्शन’ असा एरर येईल; ती सोय फक्त जुन्या टीके.फ्रेममध्ये आहे.

प्रश्न : प्रत्येक टॅबला वेगळा रंग देता येईल का? ज्या पानावर चूक आहे तो टॅब लाल दाखवायचा आहे. (सोलापूर)

स्टाइलने नाही. टीटीकेत स्टाइल पूर्ण नोटबुकला लागते, एकेका टॅबला नाही. दोन नोटबुक दोन रंगांचे करता येतात. त्यासाठी ‘फिकट.टीनोटबुक’ असं नाव घ्यायचं (शेवट ‘टीनोटबुक’ असाच हवा), मग टॅबची स्टाइल आपोआप ‘फिकट.टीनोटबुक.टॅब’ या नावाने शोधली जाते.

तुमच्या कामाला चित्र पुरेल. १० बाय १० पिक्सेलचा लाल ठिपका पीएनजीमध्ये करा (टीकिंटरच्या मागे काम करणाऱ्या टीकेच्या ८.६ आवृत्तीपासून पीएनजी थेट चालतं) आणि चूक सापडली की नोटबुक.टॅब(क्रमांक, इमेज=लाल, कम्पाउंड='लेफ्ट') म्हणा. चूक दुरुस्त झाली की इमेज='' करून ठिपका काढा. चित्राचं व्हेरिएबल मात्र सेल्फ.लाल असं ऑब्जेक्टवर ठेवा. फंक्शनच्या आत लोकल ठेवलंत, तर फंक्शन संपताच पायथन ते चित्र टाकून देतं आणि ठिपक्याच्या जागी मोकळी जागा उरते. शिवाय रंग न ओळखू शकणाऱ्यांसाठी टॅबच्या नावापुढे ‘!’ जोडलात तर उत्तम.

प्रश्न : शाळेच्या निकालाचा प्रोग्रॅम करतोय. टॅबची नावं मराठीत आहेत : ‘विद्यार्थी’, ‘गुणपत्रक’, ‘शिष्यवृत्ती’. सगळे टॅब एका रुंदीचे हवेत. शिवाय माझ्या विंडोज लॅपटॉपवर अक्षरं नीट दिसतात, पण शाळेच्या लिनक्स संगणकावर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. (कोल्हापूर)

रुंदी सोपी आहे. ‘टीनोटबुक.टॅब’ला विड्थ=१४, अँकर='सेंटर' द्या. हा आकडा पिक्सेलचा नाही, अक्षरांचा आहे, आणि एका अक्षराची रुंदी म्हणजे त्या फॉन्टमधल्या शून्याची रुंदी. ‘शिष्यवृत्ती’ नेमकी किती शून्यांत मावते ते फॉन्टवर ठरतं, म्हणून सगळ्यात लांब नाव लावून बघा. विड्थ=-१४ असा उणे आकडा दिलात तर ती किमान रुंदी धरली जाते; लांब नाव कापलं जात नाही, पण मग तो एक टॅब बाकीच्यांपेक्षा रुंद होतो. विंडोजवर फॉन्ट ‘निर्मला यूआय’, आकार ११ ठेवा. १० च्या खाली रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. मात्रांना वर-खाली जागा लागते, तेव्हा पॅडिंगमध्ये वर आणि खाली निदान ५-५ पिक्सेल असू द्या.

लिनक्सचा दोष फॉन्टचा नाही, म्हणून फॉन्ट बदलून उपयोग झाला नाही. देवनागरीत साठवणीचा क्रम वेगळा आणि दिसण्याचा क्रम वेगळा. ‘शि’ साठवताना आधी श, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी श च्या आधी. ‘द्य’ म्हणजे द, हलन्त आणि य, या तिघांचं मिळून एक चित्र. ही जुळणी विंडोज आणि मॅक टीकिंटरला करून देतात. लिनक्सवर टीके ८.६ ती करतच नाही, एकामागून एक चिन्हं ठेवत जातं. त्यामुळे ‘विद्यार्थी’मधली वेलांटी व च्या पुढे जाते, द चा पाय हलन्तासह मोकळा दिसतो आणि रफार थ च्या डोक्यावर चढत नाही. कितीही चांगला फॉन्ट घातला तरी हेच होणार.

यावर व्यवहार्य तोडगा म्हणजे टॅबची नावं चित्र म्हणून तयार करणं. पिलो हे चित्रं हाताळणारं पायथनचं पॅकेज ‘रॅक्म’ नावाच्या लायब्ररीच्या मदतीने देवनागरी बरोबर जुळवतं.

१. आधी खात्री करा : फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट फीचर्स, मग प्रिंट(फीचर्स.चेक('रॅक्म')). ‘फॉल्स’ आलं तर संगणकावर लिबरॅक्म आणि फ्रिबिडी बसवून घ्या. त्याशिवाय पिलोही अक्षरं तशीच तोडतं.

२. फॉन्ट = इमेजफॉन्ट.ट्रूटाइप(फाइल, १६, लेआउट_इंजिन=इमेजफॉन्ट.लेआउट.रॅक्म). फाइल म्हणून ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘लोहित देवनागरी’ चालेल. फॉन्टची फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच ठेवा, दुसऱ्या संगणकावर शोधाशोध नको.

३. फॉन्ट.गेटबीबॉक्स(नाव) डावी, वरची, उजवी आणि खालची कड देतं. या चौकटीएवढं पारदर्शक ‘आरजीबीए’ चित्र घ्या आणि (-डावी, -वरची) या बिंदूपासून नाव लिहा. शून्य-शून्यपासून लिहिलंत तर चित्राच्या वरच्या भागात रिकामी पट्टी राहते आणि खालचे उकार कापले जातात. सगळे टॅब एका उंचीचे हवे असतील तर चौकट प्रत्येक नावाची वेगळी न मोजता सगळ्यांत उंच नावाची धरा.

४. प्रत्येक नावाची दोन चित्रं करा, साधं आणि निवडलेलं. टॅब जोडताना इमेज=(साधं, 'सिलेक्टेड', निवडलेलं) असा तिघांचा गट द्या; निवड बदलली की टीटीके चित्र आपोआप बदलतं. मघाशी सांगितल्याप्रमाणे चित्रं एखाद्या यादीत धरून ठेवा.

चित्रावर विड्थ लागू होत नाही. एका रुंदीचे टॅब हवे असतील तर चित्रंच एका रुंदीची करा आणि नाव मध्ये लिहा. टॅबपुरतं हे परवडतं. पण प्रोग्रॅममधली सगळी लेबलं, तक्ते आणि बटणं मराठीत असतील आणि तो लिनक्सवरच चालवायचा असेल, तर क्यूटीकडे वळा. क्यूटीत ही जुळणी आतूनच होते.

प्रश्न : निवडलेल्या टॅबच्या नावाभोवती येणारी तुटक रेघ काढता येईल का? (अमरावती)

हो. ती रेघ ‘नोटबुक.फोकस’ या घटकाची आहे. टॅबची रचना एकात एक बसलेल्या चार घटकांची असते : नोटबुक.टॅब, त्यात नोटबुक.पॅडिंग, त्यात नोटबुक.फोकस, त्यात नोटबुक.लेबल. स्टाइल.लेआउट('टीनोटबुक.टॅब') छापलं की ही रचना दिसते. ती तशीच कॉपी करा, फोकसचा थर वगळून लेबल थेट पॅडिंगच्या ‘चिल्ड्रन’मध्ये ठेवा आणि परत लेआउटला द्या. एवढंच लक्षात घ्या की कीबोर्डवर काम करणाऱ्याला आपण टॅबवर आहोत की आतल्या रकान्यात, हे त्या रेघेवरूनच कळतं. ती काढलीत तर मॅपमध्ये ‘फोकस’ स्थितीला वेगळा रंग द्या.

प्रश्न : ब्राउझरसारखं प्रत्येक टॅबवर बंद करण्याचं × बटण हवंय. (पुणे)

टीटीकेच्या नोटबुकमध्ये तशी तयार सोय नाही, पण चित्राचा नवा घटक करून तो टॅबच्या रचनेत बसवता येतो. साधारण १० पिक्सेलची दोन चित्रं घ्या, फिकट × आणि लाल ×.

स्टाइल.एलिमेंट_क्रिएट('क्लोज', 'इमेज', फिकट, ('अ‍ॅक्टिव्ह', लाल), बॉर्डर=८, स्टिकी='')

मग लेआउटमध्ये सगळ्यात आतल्या ‘चिल्ड्रन’ यादीत लेबलला साइड='लेफ्ट' द्या आणि त्याच्यामागे 'नोटबुक.क्लोज' हा घटक साइड='लेफ्ट', स्टिकी='' असा जोडा. दिसण्याचं काम इथे झालं. क्लिकचं काम तुम्हाला करायचं आहे, कारण टीकिंटरच्या दृष्टीने ते बटण नाही, टॅबवरचं नुसतं चित्र आहे.

माउस दाबल्याच्या घटनेत नोटबुक.आयडेंटिफाय(ई.एक्स, ई.वाय) विचारा. उत्तरात ‘क्लोज’ असेल तर नोटबुक.इंडेक्स('@एक्स,वाय') ने टॅबचा क्रमांक काढून लक्षात ठेवा आणि 'ब्रेक' परत करा. 'ब्रेक' विसरलात तर बंद होण्याआधी तो टॅब क्षणभर उघडतो. माउस सोडल्याच्या घटनेत पुन्हा तेच विचारा, आणि क्रमांक तोच असेल तरच टॅब बंद करा. दाबताक्षणी बंद केलंत, तर चुकून दाबल्यावर बाजूला सरकून सुटका करून घ्यायची सोय राहत नाही. आधी आयडेंटिफाय विचारायचं ते यासाठीही की मोकळ्या जागेवर क्लिक झालं तर इंडेक्स एरर देतो.

बंद करताना फक्त नोटबुक.फर्गेट() वापरू नका. त्याने टॅब दिसेनासा होतो, पण आतली फ्रेम आणि तिच्यातलं सगळं मेमरीत राहतं. दिवसभर टॅब उघडत-मिटत राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा भार साठत जातो. नोटबुक.टॅब्ज() मधून त्या पानाचं नाव घ्या, नेमटूविजेटने विजेट (म्हणजे ती फ्रेम) मिळवा आणि त्याच्यावर डिस्ट्रॉय() चालवा. टॅब आपोआप निघून जातो.

दोन अडचणी येतात. दुसरी विंडो उघडताना हाच कोड पुन्हा चालला तर ‘डुप्लिकेट एलिमेंट’ असा एरर येतो, म्हणून घटक एकदाच, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तयार करा. दुसरं, माउस टॅबच्या कुठल्याही भागावर गेला तरी × लाल होतो, कारण ‘अ‍ॅक्टिव्ह’ ही स्थिती पूर्ण टॅबची असते, घटकाची नाही. मॅपने हे सुटत नाही. नेमक्या × वरच लाल हवं असेल तर नोटबुक सोडून फ्रेम आणि बटणांनी टॅबची ओळ स्वतः बांधावी लागते, आणि त्यात बाण-किल्ल्या, कंट्रोल-टॅब, फोकस हे सगळं आपल्याच गळ्यात पडतं. एवढ्याशा रंगासाठी ते करू नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : वीस-बावीस टॅब झाले की नावं कापली जातात. सरकवण्याचे बाण कसे आणायचे? (ठाणे)

टीके ८.६ च्या नोटबुकमध्ये बाणही नाहीत आणि दुसरी ओळही होत नाही. टॅब दाटीवाटीने आक्रसतात. ‘टीनोटबुक’ला टॅबपोझिशन='डब्ल्यूएन' दिलंत तर टॅब डाव्या बाजूला एकाखाली एक येतात आणि अक्षरं आडवीच राहतात. पंधरा-सोळापर्यंत हे चांगलं चालतं. त्यापुढे डावीकडे ट्रीव्ह्यूमध्ये (टीटीकेच्या यादी दाखवणाऱ्या घटकात) यादी दाखवा आणि नोटबुकचे टॅब लपवा : स्वतंत्र नावाची स्टाइल घेऊन तिच्या ‘.टॅब’ला रिकामा लेआउट [] द्यायचा, आणि यादीतल्या क्लिकवर नोटबुक.सिलेक्ट() करायचं.

प्रश्न : पायक्यूटीमध्ये (पायथनमधून क्यूटी वापरताना) टॅब डावीकडे घेतले तर नावं उभी फिरतात. आडवी कशी करायची? आणि निवडलेल्या टॅबची अक्षरं ठळक केली की शेवटी तीन टिंबं येतात. (बेंगळुरू)

क्यूटीत पश्चिमेकडचे टॅब म्हणजे वरचाच टॅब फिरवून लावलेला, आणि स्टाइलशीटमध्ये तो सरळ करण्याची सोय नाही. क्यूटॅबबारचा उपवर्ग करून दोन फंक्शनं बदला. टॅबसाइझहिंटमध्ये मूळ माप घेऊन ट्रान्सपोज() करा, म्हणजे लांबी-रुंदीची अदलाबदल होईल. पेंटइव्हेंटमध्ये क्यूस्टाइलपेंटरने प्रत्येक टॅबचा आकार आहे तसा काढा. मग पेंटर सेव्ह करून टॅबच्या मध्यबिंदूभोवती ९० अंशांत फिरवा, पर्यायातल्या चौकटीचीही अदलाबदल करून तिचा मध्य जागेवर ठेवा, लेबल काढा आणि पेंटर रिस्टोअर करा. रिस्टोअर राहिलं तर पुढचा प्रत्येक टॅब आणखी ९० अंशांनी फिरत जातो. हा नवा टॅबबार क्यूटॅबविजेटच्या उपवर्गात सेटटॅबबारने लावा, आणि पहिलं पान जोडण्याच्या आधीच.

तीन टिंबं येतात कारण टॅबची रुंदी साध्या अक्षरांवरून मोजली जाते आणि नंतर त्याच जागेत ठळक अक्षरं कोंबली जातात. ‘क्यूटॅबबार::टॅब’ला सगळ्यात लांब नावाच्या बेताने मिन-विड्थ द्या. नाहीतर ठळक न करता ‘:सिलेक्टेड’ला बॉर्डर-बॉटम ३ पिक्सेलची रंगीत रेघ द्या आणि बाकीच्या टॅबना तेवढ्याच जाडीची पारदर्शक रेघ द्या. ती पारदर्शक रेघ दिली नाहीत तर निवड बदलताना नावं वर-खाली हलतात.